जुने घर विकत घेताना

बडोद्यातील मराठी कुटुंबांत नव्या संसारासाठी घर घ्यावयाचे ठरले की पहिला विचार गावाबाहेरच्या सदनिकेचा होतो. वाघोडिया रस्ता, मांजलपूर, गोत्री, वासणा अशी नावे निघतात, जाहिरातींचे रंगीत कागद जमतात आणि मग हिशेब मांडल्यावर लक्षात येते की, जे परवडते ते फार लहान आहे आणि जे पुरेसे आहे ते परवडत नाही. अशा वेळी घरातील कोणी वडीलधारे माणूस सहज म्हणून जाते, “रावपुऱ्यामागचे अमक्यांचे जुने घर विकावयाचे आहे म्हणतात.” ऐकणारे हसतात. जुने घर म्हणजे वाळवी, अंधार, गळती आणि भाऊबंदकी, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, त्या घराकडे पाहण्यासही कोणी जात नाही. दुसरीकडे असेही लोक आम्ही पाहतो की, कोरीव खांब आणि टांगता झोपाळा दिसताच ज्यांचे भान हरपते आणि जे दुसऱ्याच दिवशी बयाणा देऊन मोकळे होतात. या दोन्ही वृत्तींनी नुकसानच होते. जुने घर स्वस्त असू शकते, उत्तमही असू शकते. परंतु ते पाहावयाचे कसे, याची रीत मात्र नव्या सदनिकेहून अगदी निराळी आहे.

गेल्या वर्षभरात आमच्या परिचयातील एका तरुण दांपत्याबरोबर अशी तीन घरे आम्ही बारकाईने पाहिली. पती एका कारखान्यात नोकरीला, पत्नी शाळेत शिक्षिका, वृद्ध सासूबाई बरोबर राहणाऱ्या. बारा वर्षांत साठवलेली रक्कम आणि बँकेचे कर्ज एवढेच त्यांचे बळ. चूक झाली तर ती सुधारण्यासाठी दुसऱ्यांदा पैसा उभा राहणार नव्हता. त्या अनुभवावरून आणि जाणत्या अभियंत्यांकडून, वकिलांकडून व सुतारांकडून जे कळले त्यावरून आम्ही हे लिहीत आहो.

पहिले घर सर्वांत स्वस्त होते, आणि ते इतके स्वस्त का, हे कळावयास तीन आठवडे लागले. विकणारे गृहस्थ सज्जन, घर त्यांच्या ताब्यात, घरपट्टीचे बिल त्यांच्या नावावर. परंतु घरपट्टीचे बिल हा मालकीचा पुरावा नव्हे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. महानगरपालिकेला कर कोण भरतो एवढेच त्यावरून समजते. सिटी सर्व्हे कचेरीतून प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढली तेव्हा त्यावर गृहस्थांच्या आजोबांचे नाव निघाले. त्या आजोबांना तीन मुलगे आणि दोन मुली. मुलांपैकी एकाचा वंश पुण्यास, एकाचा परदेशात, आणि मुलींची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. “आत्यांना त्यांच्या लग्नात सर्व दिले होते,” असे गृहस्थ म्हणाले. मनात कपट नसावे. आपल्या समाजात असे म्हणण्याची रीतच होती.

कायदा मात्र ती रीत मानत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. बापाने स्वतः मिळवलेल्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसल्यास, मुलींचा वाटा तेव्हापासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहतात. म्हणून जुन्या घराच्या बाबतीत पहिला प्रश्न “किंमत काय” हा नसून “वंशावळ काय” हा आहे. विकणाऱ्याने ती कागदावर लिहून द्यावी, त्यातील प्रत्येक हयात व्यक्तीची सही खरेदीखतावर असावी, अथवा तिने आपला हक्क नोंदणीकृत दस्ताने सोडलेला असावा. परदेशी असलेल्यांनी तेथील भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे. यास वेळ लागतो. तो लागू द्यावा.

त्या गृहस्थांनी शेवटी एक सुचवले की, “माझा तिसरा हिस्सा तरी घ्या, बाकीचे मागाहून पाहू.” येथेच पुष्कळांची फसगत होते. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एकाचा हिस्सा परक्या माणसाने विकत घेतला, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे त्याला त्या घरात इतरांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावावा, एवढाच मार्ग उरतो. शिवाय वारसाने मिळालेला हिस्सा विकताना दुसऱ्या वारसांना तो प्रथम विकत घेण्याचा हक्क १९५६ च्या कायद्याच्या २२ व्या कलमाने दिलेला आहे. म्हणजे बारा वर्षांची पुंजी देऊन आमच्या तरुण मित्रांनी विकत घेतली असती ती कोर्टाची पायरी. त्यांनी नमस्कार करून निरोप घेतला.

बडोद्यापुरत्या आणखी दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. गावातील काही भागांस १९९१ चा एक गुजरातचा कायदा लागू आहे, ज्याला सर्वजण ‘अशांत धारा’ म्हणून ओळखतात. त्या अधिसूचित भागातील घर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून विकले तर तो व्यवहारच रद्दबातल ठरतो. विक्री राजीखुशीची आहे आणि किंमत वाजवी आहे, हे त्या कचेरीत पाहिले जाते. घर त्या हद्दीत येते की नाही याची चौकशी बयाण्यापूर्वी करावी. दुसरी गोष्ट रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या आसपासची. एकोणिसाव्या शतकातील दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, त्यातील भित्तिचित्रांमुळे आपणा सर्वांच्या अभिमानाचा, भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे नव्या बांधकामास बंदी आहे, त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, आणि दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते. जवळचे घर घेऊन, पाडून, वर तीन मजले चढवू, असा बेत असणाऱ्याने तेथे पाऊल टाकू नये. ज्याला आहे तेच घर नीट करून राहावयाचे आहे त्याला मात्र या बंधनाचा एक लाभ आहे: शेजारीही कोणी उंच इमारत उठवून त्याचा उजेड अडवणार नाही.

दुसरे घर पाहताच सासूबाईंना आवडले. भिंतींना ताजा रंग, जमिनीवर चकचकीत फरशी, न्हाणीघरात भिंतभर टाइल्स, वर गच्ची. कागदही स्वच्छ होते. आमच्याबरोबर आलेले वृद्ध मिस्त्री मात्र आत शिरून पाच मिनिटांत बाहेर ओट्यावर जाऊन बसले. विचारले तेव्हा म्हणाले, “लाकडाच्या पायांवर हत्ती बसवला आहे.” त्यांचे म्हणणे असे की, मूळ घर सागवानी सांगाड्याचे, वर कौलांचे हलके छप्पर पेलण्यासाठी बांधलेले. मालकाने छप्पर काढून त्या जागी काँक्रीटची लादी घातली. तिचा भार खालच्या खांबांवर आणि मातीत रचलेल्या विटांच्या भिंतींवर आला. माडीवर नवे न्हाणीघर केले, ते लाकडी तक्तपोशीवर सिमेंट ओतून. त्याखालच्या खोलीत आम्ही वर पाहिले तेव्हा नव्या रंगातूनही तुळईच्या टोकाशी पाण्याची तपकिरी रेघ उमटलेली दिसली. नूतनीकरण झालेले जुने घर हे न झालेल्यापेक्षा अधिक संशयाने पाहावे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. उघड्या घराचे दुखणे दिसते. रंगवलेल्याचे शोधावे लागते, आणि त्या रंगाची किंमतही आपल्याकडूनच घेतली जाते.

तिसऱ्या घराविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पाहण्याची सारी रीत आम्ही तेथे शिकलो. दांडिया बाजारामागच्या एका अरुंद गल्लीतील हे घर, रुंदीला तीन खण, मध्ये लहानसा चौक, वर एक माडी. आत एकट्या ऐंशीच्या घरातील आजी. रंग वीस वर्षांत लागलेला नव्हता. पुढच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागून पोपडे सुटले होते, एका खोलीत कौलांतून आभाळ दिसत होते. तरुण मंडळींचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी मात्र पिशवीतून ओळंबा, हातोडी आणि एक जाड दाभण काढले व ते खांबांशी गेले.

जुन्या लाकडी घराचा जीव तीन ठिकाणी असतो: खांबाच्या तळाशी, तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी, आणि छपराच्या पन्हळीखाली. पाणी जेथे थांबते तेथे लाकूड कुजते, व वाळवीही ओल शोधीतच येते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, परंतु बाहेरच्या पांढुरक्या लाकडास लागते, आणि सर्व वासे व रीपा सागाच्या असतात असेही नाही. मिस्त्रींनी प्रत्येक खांब तळापासून वरपर्यंत ठोकून पाहिला. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले भद्द आवाज देते. मग दाभण टोचले. ते नुसते टोक रुतून थांबले तर चिंता नाही, सुरीसारखे आत गेले तर तो भाग बदलावा लागणार. खांब दगडी तळखड्यावर उभे असल्याने जमिनीची ओल त्यांत चढली नव्हती. तुळयांची बहुतेक टोके शाबूत निघाली. दोन खराब होती, ती नेमकी गळक्या कौलांखाली.

मग ओळंबा धरला. पुढची भिंत दोन बोटे बाहेर झुकलेली होती. तरुणाने घाबरून विचारले, “काका, पडेल का?” मिस्त्री म्हणाले, “ती कधी झुकली ते पाहू.” झुकलेली भिंत हा तितकासा दोष नव्हे, झुकत असलेली भिंत हा दोष आहे. हे ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चुन्याने वा सिमेंटने बसवावी, तारीख लिहावी आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. आजींनी हे आनंदाने करू दिले. दारे-खिडक्या सहज मिटतात का, चौकट काटकोनात आहे का, जमिनीवर ठेवलेली गोटी कोणीकडे घरंगळते, यांवरूनही सांगाडा कोठे बसला आहे ते समजते. आणि घर शक्यतो श्रावणात पाहावे. मार्गशीर्षात प्रत्येक घर कोरडे असते.

भिंतीच्या लोण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण त्यावर होणारा खर्च बहुधा वाया जातो. जमिनीतील पाणी विटांतून वर चढते, बरोबर क्षार आणते, आणि भिंतीवर येऊन सुकते. चुन्याचा गिलावा असेल तर ओल त्यातून बाहेर निघून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की तिला वाट उरत नाही. ती भिंतीत आणखी वर चढते आणि तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते. लोणा लपतो, घर कुजते. म्हणून चुन्याच्या घराला चुनाच लावणारा गवंडी शोधावा. असे कारागीर आता थोडे उरले आहेत व मजुरीही अधिक घेतात, ती हिशेबात धरावी.

सांगाड्याखेरीज ज्या गोष्टी पहिल्या दृष्टीस भिववतात त्या बहुधा किरकोळ निघतात. कौले बदलता येतात. (मंगळुरी कौले पाहून घर फार प्राचीन समजू नये, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरास १८६५ साली काढला, त्यापूर्वीची घरे देशी नळ्यांनी शाकारलेली असत.) विजेच्या तारा मात्र जुन्या लाकडी पट्टीवरच्या असल्यास सरसकट काढून टाकाव्यात. लाकडी घराला पाण्याखालोखाल भय आगीचे, आणि दुरुस्तीत काटकसर करावयाची झाल्यास ती येथे करू नये. न्हाणीघर व शौचालय तळमजल्यावर, चौकाच्या कडेला, पक्क्या जमिनीवर बांधावे. माडीवर हवेच असेल तर खालच्याच्या बरोबर वर, स्वतंत्र पक्क्या भिंतींवर. भिंती जाड असल्याने प्रॉपर्टी कार्डावरील क्षेत्रफळ आणि आत वापरावयास मिळणारी जागा यांत बराच फरक पडतो. म्हणून आतून टेप लावून मोजावे आणि सदनिकेच्या चटईक्षेत्राशी ताडून पाहावे.

घराइतकेच गल्लीकडे पाहावे. आपल्या जुन्या वस्तीत दोन घरांमध्ये भिंत एकच असते. शेजाऱ्याने त्याचे घर पाडून खोल पाया खणला तर आपल्या भिंतीचा आधार जातो. तेव्हा शेजारचे घर कोणाचे, त्यांचा विचार काय, हे जाऊन विचारावे. विटा-वाळूची गाडी दारापर्यंत येत नसेल तर सामान डोक्यावरून वाहावे लागते. रुग्णवाहिका कोठपर्यंत येते हेही पाहावे. घरात सासूबाई असताना हा प्रश्न लहान नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री फुगली तेव्हा या गल्लीत पाणी कोठवर आले होते, हे मालकास न विचारता कोपऱ्यावरच्या दुकानदारास विचारावे. घरात भाडेकरू असेल तर घर विकत घेतल्याने तो जात नाही. १९४७ चा मुंबई भाडे कायदा गुजरातेत चालू आहे, आणि तळमजल्यावरची एक कुलूपबंद खोली सारा व्यवहार अडवून ठेवू शकते.

आता पैशाचे बोलू. केवळ उदाहरणादाखल समजा की घराची किंमत ३६ लाख ठरली आणि अभियंत्याने दुरुस्तीचा अंदाज १२ लाखांचा दिला. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे १,७६,४०० रुपये. नोंदणी शुल्क १ टक्का, म्हणजे ३६,००० रुपये, ते खरेदीदार स्त्री असल्यास माफ आहे. घर पत्नीच्या नावे घेण्यास आमची तरी आणखीही कारणे आहेत. एकूण पन्नास लाखांच्या आसपास. ही रक्कम मनाशी धरून त्याच पैशांत येणाऱ्या सदनिकेशी तुलना करावी, ३६ लाखांच्या सदनिकेशी नव्हे. आणखी एक खोच आहे. बँक कर्ज देते ते मुख्यतः खरेदीच्या मूल्यावर, आणि जुन्या इमारतीचे पुढील आयुष्य किती, असा अभियंत्याचा दाखला मागते. समजा तिने तीन-चतुर्थांश, म्हणजे २७ लाख दिले. उरलेले ९ लाख, मुद्रांक शुल्क आणि १२ लाखांची दुरुस्ती मिळून पावणेतेवीस लाख आपल्या पदरचे हवेत. भिंत उघडल्यावर अंदाज वाढतोच, त्यासाठी दुरुस्तीच्या पंचमांशाएवढे बाजूस ठेवावयाचे झाल्यास पंचवीस लाखांवर जाते. ज्याच्याजवळ फक्त नऊ लाख आहेत त्याला हे ‘स्वस्त’ घर सदनिकेहून महाग आहे. सुदैवाने घर एकदम पुरे करावे लागत नाही: पहिल्या वर्षी छप्पर, कुजलेल्या तुळया आणि वीज, पुढच्या वर्षी भिंती, फरशी केव्हाही. सदनिकेत ही सोय नसते.

जेथे हे मासिक जाते अशा इतर गावच्या वाचकांनी मध्यवर्ती कायदे तेच, परंतु राज्याचे नियम निराळे, हे लक्षात ठेवावे. विशेषतः गोव्यात विवाहित मालकाला जोडीदाराच्या संमतीवाचून घर विकता येत नाही, आणि घराच्या आवारात मुंडकार असल्यास त्याला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. स्थानिक वकिलाकडून निदान तीस वर्षांच्या दस्तांचा शोध कोठेही घ्यावाच.

आमच्या मंडळींनी पावसाळा जाऊ दिला. काचेची पट्टी अखंड राहिली. आजींचे एक भाचे मध्ये येऊन किंमत पाडण्याचा सल्ला देऊन गेले, “म्हातारीला घाई आहे” म्हणून. तरुण पत्नीने तो मानला नाही. दोन तुळया, छप्पर आणि भिंत यांचा लेखी अंदाज आजींपुढे ठेवून तेवढीच रक्कम कमी करावी, असे त्या म्हणाल्या. आजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मान्य केला. त्यांची एकच अट होती: मुलीकडे जाण्यापूर्वीची दिवाळी याच घरात व्हावी. ती अट बानाखतात (महाराष्ट्रात ज्याला साठेखत म्हणतात) ताब्याच्या तारखेसह लिहून घेतली. घराबरोबर काय येते, हेही त्यात नावानिशी लिहिले, आणि तसे ते प्रत्येकाने लिहावे. कारण कोरीव चौकटी, पितळी कड्या, फडताळाची दारे यांना बाजारात मोल आहे व ताबा मिळेपर्यंत ती निघून गेल्याची उदाहरणे आहेत. यादी करताना झोपाळ्यापाशी आजी थांबल्या. पाट त्यांना मुलीकडे न्यावयाचा होता. साखळ्या आणि तुळईतील कड्या घरासोबत राहतील, असे ठरले.